रोजचा हात

कोकण भवनच्या त्या खोलीत पंखा होता,
वारा होता असं म्हणणार नाही.
तडजोडीचा मसुदा चार पानांचा.
मुकादमबाईंनी पेन्सिलीनं बारीक फुल्या मारून ठेवल्या होत्या,
इथे, इथे, आणि मागच्या पानावर इथे.

अर्जदार हर्षला जनार्दन मढवी
यांना लसीमुळे झालेली कथित इजा
व तिच्यापोटी झालेलं कथित नुकसान.
मी विचारलं, दोनदा कशाला?
बाई म्हणाल्या, त्यांना दोनदाच हवाय.
एक काढा म्हटलं तर वीस हजार कमी करतील.

कथित म्हणजे सांगितलेलं.
सांगितलं खरं. साडेतीन वर्षं सांगतेय.
वाशीच्या हाडांच्या डॉक्टरांना, ते म्हणाले होऊ शकतं,
नेरूळच्या डॉक्टरांना, ते म्हणाले या वयात तसंही होतं,
सासूला, तिनं तेल दिलं,
एमआरआयच्या नळीला, तिला नुसतं खटखट करता येतं.

डावा दंड खांद्याच्या वर जात नाही.
दांडीवर साडी टाकता येत नाही.
वेणी लेक घालते, ओढून घालते, तिला शाळेची घाई.
घणसोलीच्या चार दुकानांचं फॉल-पिको
आता नणंदेकडे गेलंय. ती उजवी आहे,
दोन्ही अर्थांनी, असं गिऱ्हाइकं म्हणतात.

मी डावरी.
जन्मानं डावरी, गोठिवलीच्या शाळेत फुटपट्टीनं उजवी केलेली.
लिहिते उजव्यानं, जेवते उजव्यानं, देवाला फूल उजव्यानं.
कात्री मात्र डावीच. सुई डावीच.
डाव्या हाताचा मळ म्हणतात लोक,
आमचं अर्धं घर त्या मळावर चालायचं.

त्या दिवशी सोसायटीच्या आवारात मांडव,
प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे गेटपर्यंत रांग.
सिस्टर लिन्सीनं विचारलं,
रोजचा हात कोणता?
आणि मी म्हटलं, उजवा.

कुणी विचारलं की मी तेच सांगते.
चौथीपासून.

हे मुकादमबाईंना माहीत नाही.
प्रत्युत्तरात त्यांनी लिहिलं,
अर्जदारास काहीही विचारण्यात आले नाही.
मी वाचलं. खाली सही केली.
सुई वर बसली होती, फार वर, सांध्यालगत,
ते खरं आहे. मी अजून बोट ठेवून जागा दाखवते.
पण एक खरं सांगताना दुसरं गिळलं
आणि हॉस्पिटलच्या वकिलानं माझ्या तोंडात बघितलंच नाही.
मार्च होता. त्यांना फाइल बंद हवी होती.

दोन लाख पंचाहत्तर हजार.
पूर्ण व अंतिम. जबाबदारी मान्य न करता.
कलम सात : अर्जदार या विषयावर
कुठेही, कुणाशीही बोलणार वा लिहिणार नाही.
उजव्या हातानं सही केली.
वळणदार आली. फुटपट्टीचे उपकार.

लिन्सी बाहेर बाकावर बसलेली.
साक्षीला बोलावलेली, साक्ष लागलीच नाही.
ती नोकरी केव्हाच गेली, आता खारघरला
घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना इंजेक्शनं देते.
लिफ्टला गर्दी, म्हणून दोघी जिन्यानं.
दुसऱ्या वळणावर तिनं विचारलं, तिच्या आखूड मराठीत,
ताई, हात आता किती जातो?

मी दाखवला. इथपर्यंत.
तिनं कोपराखाली तळवा धरला
आणि बोटभर वर नेला.
दुखलं.
इथपर्यंत जातो, ती म्हणाली. मग म्हणाली,
मी विचारलं होतं, ताई.

खाली कुणीतरी झेरॉक्सवाल्याशी
एका पानाच्या दोन रुपयांवरून भांडत होतं.

हो, मी म्हटलं. विचारलं होतंस.
चेक अजून पर्समध्येच होता,
घडी न घालता,
लेकीच्या वहीत ठेवलेला.